विश्लेषण : पेशीचा ‘भोंगा’ शोधणारे आयझॅक्स आणि तो दाबून ठेवणारा करोना

महासाथीच्या पहिल्या लाटेत अनेकांना एक कोडे पडले होते. अंगात ताप नाही, घसा दुखत नाही, तरी तो माणूस घरातल्या चौघांना करोना देऊन मोकळा! याचे एक कारण असे की ताप, कणकण, अंगदुखी या गोष्टी बऱ्याच अंशी विषाणू करत नाही. त्याच्याशी लढायला उठलेले आपलेच शरीर करते. ते उठलेच नाही तर आपल्याला कळणार कसे? शरीराला उठवणाऱ्या रसायनांतले महत्त्वाचे नाव म्हणजे इंटरफेरॉन. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. ॲलिक आयझॅक्स, करोना विषाणूंना ‘करोना’ हे नाव मिळण्याच्या जवळपास दोन वर्षे आधीच वारले.

कोण होते आयझॅक्स?

जन्म १९२१, ग्लासगो. पूर्वज लिथुआनियातून आलेले ज्यू. ग्लासगो विद्यापीठातून १९४४ मध्ये ते डॉक्टर झाले, पण वळले प्रयोगशाळेकडे. शेफील्डमध्ये इन्फ्लुएन्झावर काम केल्यावर ते मेलबर्नला मॅकफार्लेन बर्नेट यांच्याकडे गेले (बर्नेट यांना पुढे १९६० मध्ये नोबेल मिळाले). तिथे त्यांना एका जुन्या कोड्याने पछाडले. एका विषाणूने घर केलेल्या पेशीत दुसरा विषाणू सहसा वाढत नाही. पहिला विषाणू निष्प्रभ केलेला असला तरीही नाही. असे का?

लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत आल्यावर इन्फ्लुएन्झाचे जागतिक केंद्र त्यांच्याकडे आले. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडहून जाँ लिंडेनमान नावाचे तरुण संशोधक तिथे दाखल झाले. चहा पिताना बोलणे निघाले आणि दोघांच्या डोक्यात एकच कोडे असल्याचे कळले.

प्रयोग तसा साधा होता. कोंबडीच्या फलित अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घ्यायचे, त्यांवर उष्णतेने निष्प्रभ केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू सोडायचा आणि काही तासांनी भोवतीचे द्रावण काढून ताज्या तुकड्यांवर घालायचे. या ताज्या तुकड्यांवर जिवंत विषाणू वाढेना. म्हणजे पहिल्या पेशींनी द्रावणात काहीतरी सोडले होते आणि ते शेजारच्या पेशींना सावध करत होते. १९५७ मध्ये त्यांनी ते जाहीर केले आणि नाव दिले इंटरफेरॉन. (जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनी १९५४ मध्येच अशा रोधक घटकाची नोंद केली होती, त्यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही.)

पुढची दहा वर्षे

वृत्तपत्रांना विषाणूंवरचे पेनिसिलिन सापडल्यासारखे वाटले. शास्त्रज्ञांना मात्र, विशेषतः अमेरिकेत, ते पटेना. पदार्थ इतक्या अल्प प्रमाणात तयार होई की तो शुद्ध करता येत नव्हता. निष्कर्षच चुकीचा काढला गेला आहे, अशा अर्थाचे एक खोचक टोपणनावही इंटरफेरॉनला मिळाले. शिवाय कोंबडीचे इंटरफेरॉन माणसाच्या फारसे कामाचे नव्हते. १९६२ मध्ये माकडाच्या पेशींपासून केलेले इंटरफेरॉन स्वयंसेवकांच्या त्वचेत टोचले, तेव्हा देवीच्या लशीतला विषाणू रोखता येतो एवढे दिसले. पण सर्दीवर गुण आला नाही. आयझॅक्स यांना या काळात नैराश्याचे तीव्र झटकेही येत होते.

तरी याच वर्षांत त्यांनी दोन गोष्टी मांडल्या, आणि माझ्या मते मूळ शोधाइतक्याच त्या मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे, घातक विषाणू बहुधा पेशीला कमी इंटरफेरॉन बनवू देतात. दुसरी १९६३ मधली : पेशी भोंगा वाजवते ती परकी न्यूक्लिक आम्ले, म्हणजे परका डीएनए वा आरएनए, ओळखून. पुराव्याची बाजू तेव्हा लंगडी होती, पण दिशा बरोबर होती. १९६४ मध्ये त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. १९६६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि २६ जानेवारी १९६७ रोजी, ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

करोना भोंगा कसा दाबतो?

आयझॅक्स यांच्या ‘परक्या आरएनए’पासूनच सुरुवात करू. स्वतःच्या प्रती काढताना करोना विषाणूचा आरएनए दुहेरी धाग्याचा होतो. निरोगी पेशीत असा लांब दुहेरी आरएनए सहसा मोकळा फिरत नसतो, म्हणून एमडीए-५ सारखी पहारेकरी प्रथिने तो पकडतात. त्यावर विषाणूचा उपाय असा की, पेशीच्याच पडद्यांपासून दुहेरी भिंतीचे फुगे बनवायचे आणि प्रती त्यांच्या आत काढायच्या. बाहेर जाणाऱ्या आरएनएच्या टोकावर आपल्या पेशी जशी रासायनिक टोपी चढवतात, तशीच टोपी विषाणूची विकरे चढवतात. एनएसपी-१६ हे त्यांतले एक. खोटा शिक्का मारलेले पाकीट असावे तसे. जे धागे तरीही संशय निर्माण करतील, ते एनएसपी-१५ कापून टाकते.

एवढे करूनही पहारेकऱ्याला सुगावा लागलाच, तर दुसरी फळी तयार असते. पेशीत प्रथिने बनवणारे यंत्र म्हणजे रायबोसोम. एनएसपी-१ त्याच्या तोंडात बूच बसवते. पेशीने इंटरफेरॉन बनवण्याचा आदेश काढला तरी तो तिथेच अडतो. विषाणूच्या आदेशांच्या सुरुवातीला मात्र खास खूण असल्याने ते पार होतात. (इंजिनीअरिंगच्या सवयीने मला हे बघून पासवर्ड आठवतो.) शेजारच्या पेशीने सोडलेले इंटरफेरॉन पोहोचले, तर तो संदेश स्टॅट-१ हे प्रथिन पेशीकेंद्रकात नेते. ओआरएफ-६ केंद्रकाच्या दारातच त्याला अडवते.

मग उपचार का फसले?

यातला कोणताच अडथळा कायमचा टिकत नाही. विषाणूला हवा असतो तो फक्त वेळ. सार्सच्या विषाणूवर उंदरांत केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इंटरफेरॉन उशिरा वाढले, तेव्हा त्यानेच फुप्फुसांचा दाह भडकवला. माणसांतला पुरावा २०२० मध्ये आला. अत्यवस्थ करोनाच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. सौम्य किंवा लक्षणरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांत एकाकडेही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत रुग्णालयात दाखल रुग्णांना इंटरफेरॉन बीटा दिले, तेव्हा मृत्यू कमी झाले नाहीत. भारतात एप्रिल २०२१ मध्ये मध्यम आजारासाठी इंटरफेरॉन अल्फाच्या एका प्रकाराला आपत्कालीन परवानगी मिळाली होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्राझील आणि कॅनडातल्या चाचणीत इंटरफेरॉन लॅम्डाचे एकच इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून सात दिवसांच्या आत दिले गेले. त्यातले बहुतेक रुग्ण लस घेतलेले होते. दाखल होण्याची किंवा तातडीच्या विभागात थांबण्याची वेळ येण्याचे प्रमाण त्यांच्यात जवळपास निम्म्यावर आले.