प्रयोगशाळेतून माणसांकडे : डॉ. विक्रम साराभाई

भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक कोण, हा प्रश्न सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत हमखास येतो. आमचे विद्यार्थी डॉ. विक्रम साराभाई असे उत्तर लिहितात आणि एक गुण मिळवतात. पण रॉकेट बनवणे हा साराभाईंचा विषयच नव्हता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते वैश्विक किरणांचे अभ्यासक होते. तरीही देशाचे रॉकेट उडाले, कारण ते उडवणारी माणसे त्यांनी हेरली आणि घडवली. त्यांच्या जीवनाची ही बाजू आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते.

विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका धनाढ्य उद्योजक कुटुंबात झाला. वडील अंबालाल गिरणीमालक होते. पैशाची ददात नव्हती, पण मुलाला ओढ लागली ती विज्ञानाची. गुजरात कॉलेजातून ते केंब्रिजला गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यामुळे मायदेशी परतावे लागले, तेव्हा त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली वैश्विक किरणांचे संशोधन सुरू केले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ साली पीएच.डी. घेऊन परतले.

वैश्विक किरण म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर सतत येणारे अतिसूक्ष्म, वेगवान कण. ते डोळ्यांना दिसत नाहीत. उपकरणे मांडायची, कण मोजायचे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी ते किती येतात याची नोंद ठेवायची, असे हे चिकाटीचे काम. त्यांच्या संख्येत होणाऱ्या बदलावरून सूर्याचा प्रभाव समजतो. परंतु त्यासाठी मोजणी रात्रंदिवस, वर्षानुवर्षे आणि निरनिराळ्या ठिकाणी व्हावी लागते. एकटा माणूस, मग तो कितीही बुद्धिमान असो, एकाच वेळी गुलमर्गच्या थंडीत आणि त्रिवेंद्रमच्या किनाऱ्यावर कसा बसणार? आम्हाला वाटते, सहकार्याचा पहिला धडा साराभाईंना त्यांच्या विषयानेच दिला.

१९४७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. एका महाविद्यालयाच्या काही खोल्यांत हे काम सुरू झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते. संस्था आपण काढली म्हणून संचालकही आपणच, असे मात्र त्यांनी केले नाही. हवामान खात्यातून निवृत्त झालेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. के. आर. रामनाथन यांना त्यांनी पहिले संचालक होण्यासाठी बोलावले. आपल्यापेक्षा अनुभवी माणसाला वरचे स्थान देऊन त्याच्याबरोबर काम करणे सोपे नसते. घरात पैसा असताना तर मुळीच नाही.

त्याच सुमारास अहमदाबादच्या कापड गिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्था उभी राहिली. तिची धुरा साराभाईंनी १९५६ पर्यंत वाहिली. त्यांना कापडधंद्याचे शिक्षण नव्हते आणि त्यांनी निवडलेल्या तरुणांपैकी बहुतेकांनाही या धंद्याचा अनुभव नव्हता. भौतिकी, रसायन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र अशा वेगवेगळ्या शाखांची माणसे त्यांनी एकत्र आणली. जुन्या सवयींचे ओझे नसलेली माणसे नवे प्रश्न विचारतील, असा त्यामागचा विचार होता.

पुढे १९६२ साली अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. केरळातील थुंबा हे मच्छीमारांचे गाव चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने रॉकेट सोडण्यासाठी निवडले गेले. गावकऱ्यांनी आपली घरे सोडली, चर्चची वास्तूही दिली. त्या चर्चमध्येच प्रयोगशाळा थाटली गेली आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेले गेले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट सुटले. रॉकेट अमेरिकेचे होते, त्यातील सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रान्सचे होते आणि ते हाताळणारे हात तरुण भारतीयांचे होते.

या तरुणांची निवड पाहण्यासारखी आहे. मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे साराभाईंचेच विद्यार्थी. अमेरिकेत काम करीत असताना साराभाईंच्या बोलावण्यावरून ते परतले आणि पुढे थुंब्याची जागा शोधण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुण्याचे वसंत गोवारीकर इंग्लंडमध्ये घन इंधनावर काम करीत होते, तेही आले. अब्दुल कलाम यांचीही जडणघडण थुंब्यालाच झाली. देशाच्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकाचे चार टप्पे ठरले, तेव्हा साराभाईंनी चार टप्पे चार जणांवर सोपवले. थुंब्याला आले की ते कनिष्ठ अभियंत्यांशीही मोकळेपणाने चर्चा करीत. जबाबदारी अनुभवापेक्षा मोठी द्यायची आणि मग विश्वास ठेवायचा, ही त्यांची रीत होती.

या रीतीची किंमतही त्यांनी मोजली. १९६६ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या अपघाती निधनानंतर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मुंबई, अहमदाबाद, थुंबा अशी अखंड धावपळ सुरू झाली. ज्या उपकरणांपाशी तारुण्य घालवले, त्यांच्यापाशी निवांत बसण्याची सवड कुठून मिळणार? ३० डिसेंबर १९७१ रोजी थुंब्याच्या दौऱ्यावर असताना कोवलम येथे त्यांचे झोपेतच निधन झाले. वय ५२ वर्षांचे होते. तोपर्यंत एकही भारतीय उपग्रह आकाशात गेला नव्हता.

पण खरी परीक्षा त्यानंतर झाली. त्यांचे विद्यार्थी यू. आर. राव यांच्या चमूने तयार केलेला ‘आर्यभट्ट’ १९७५ साली रशियन रॉकेटने अवकाशात गेला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरदर्शन पोहोचले. हे साराभाईंचे लाडके स्वप्न होते आणि त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत आपला मध्य प्रदेशही होता. पहिला उपग्रह प्रक्षेपक १९७९ मध्ये अपयशी ठरला, पण १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झाला. गुरू नसताना शिष्य पडले, उठले आणि जिंकले. याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते असेल?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या विज्ञान प्रदर्शनीत आम्ही दरवर्षी पाहतो, चौघांच्या गटात एकजण सारे मॉडेल बनवतो आणि तिघे नुसते शेजारी उभे राहतात. त्या एकाचे कौतुक होते आणि पालकही खूष होतात. पण पुढच्या वर्षी तो दुसऱ्या शाळेत गेला, की गटाला साधी तारही जोडता येत नाही. म्हणून या वर्षापासून परीक्षक मॉडेलची माहिती गटातील सर्वांत गप्प बसणाऱ्या मुलाला विचारतील. ज्याला सगळे येते, त्याने आधी त्या मित्राला शिकवावे. पालकांनीही घरी आपल्या पाल्याला गुणांबरोबर एवढे जरूर विचारावे, की आज तू कोणाला काय शिकवलेस?