अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

हुबळी-धारवाडच्या वस्त्यांतून कानी पडणारा ‘अंगनवाडी’ हा शब्द आता कन्नडचाच होऊन बसला आहे. परंतु त्याचा उगम येथून पुष्कळ दूर, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी झाला. तो ज्यांनी रूढ केला त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र लहान मुले असलेल्या प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे. घर सुधारकी असल्याने मुलीच्या शिक्षणास आडकाठी आली नाही व १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार टिकला नाही. पदरी एक कन्या, आणि काळ असा की पतिगृह सोडलेल्या स्त्रीस समाजात उभे राहणे दुर्घट. अशा स्थितीत त्यांनी राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन-विद्यालयाचे काम पत्करले व स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

पुढे १९२३ मध्ये त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई हे वकिली सोडून बालकांत रमलेले गृहस्थ. इटलीच्या मॅडम मॉन्टेसरींची पद्धती त्यांनी तेथे चालविली होती. बालकाचा हात कामात गुंतला म्हणजे त्याची बुद्धी आपोआप जागी होते, हे त्या पद्धतीचे मर्म. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. त्याचा लौकिकही झाला. तथापि मॉन्टेसरीची घोटीव लाकडी साधने महाग, आणि त्यांचा लाभ मुख्यतः सुस्थितीतील घरांच्या मुलांना. गरिबाच्या मुलाने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्या १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहर सोडून बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण हरिजन वस्तीतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी! आरंभ स्नानाने, केस विंचरण्याने व नखे काढण्याने होई. आया दारात उभ्या राहून पाहत. साधने कोणती, तर शंखशिंपले, खडे, बिया, पाने आणि माती. लहानमोठे शिंपले क्रमाने मांडताना जे ज्ञान होते ते विकतच्या ठोकळ्यांहून तिळमात्र उणे नसते.

अमेरिकेत किलपॅट्रिक नामक शिक्षणशास्त्रज्ञाने १९१८ साली प्रकल्पपद्धतीवर निबंध लिहिला होता. मुलांनी मनापासून पत्करलेले एखादे कार्य तडीस न्यावे आणि त्या ओघात शिकावे, असा तिचा आशय. भाजीचा वाफा करावयाचा म्हटले की माती चाळणे आले, बिया मोजणे आले, पाण्याची पाळी ठरविणे आले आणि अंकुराची वाट पाहणेही आले. ताराबाईंच्या बालवाडीचा ओढा याच दिशेचा होता. चार वर्षांच्या मुलाकडून पाटीवर अक्षरे गिरवून घेण्याची जी घाई आपल्याकडे दिसते, ती त्यांना मान्य नव्हती. आपल्या धर्मशास्त्रानेही विद्यारंभास पाचवे वर्ष सांगितले आहे, याचे विस्मरण मात्र पुष्कळांना झालेले दिसते.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरांमागे असत. त्यांना शाळेत बसविले तर गुरे कोणी राखावी? गरिबाच्या घरी हा प्रश्न पोटाचा असतो, आळसाचा नव्हे. मुलांच्या आईबापांना दोष देत बसण्यापेक्षा शिक्षकांनीच गुरांबरोबर रानात जावयाचे ठरले. ही झाली कुरणशाळा. गुरे मोजता मोजता गणित, झाडेपाखरे पाहता पाहता निसर्गाभ्यास! माझ्या मते ताराबाईंची प्रतिभा जर कोठे पूर्णत्वाने प्रकटली असेल तर ती येथे. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडीही त्यांचीच कल्पना.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. नंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली व तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ साली देह ठेवीपर्यंत सांभाळले.