राल्फ फिच : मनुक्यांच्या व्यापारातून माळव्यात

आई-वडिलांबरोबर सियागंजात किराणा घ्यायला गेलात की मनुके, बेदाणे, अंजीर तुम्ही पाहताच. या लहानशा जिन्नसाने मोठमोठी जहाजे हलवली, असे सांगितले तर तुम्हाला हसू येईल. पण सोळाव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांना भूमध्य समुद्राकडे ओढून नेणाऱ्या मालात रेशीम-मसाल्यांच्या जोडीला बारीक काळे मनुके होते. व्हेनिसच्या ताब्यातील झांटे आणि केफालोनिया या ग्रीक बेटांवर ती द्राक्षे पिकत आणि उन्हात वाळवली जात. इंग्लंडच्या थंड हवेत हे साधत नसे, आणि गोडाच्या पदार्थांत मनुके घालण्याची तेथील लोकांना भारी हौस. बदल्यात इंग्रज लोकरी कापड आणि कथील नेत. तुर्की मुलखाच्या व्यापारासाठी १५८१ मध्ये एक कंपनी निघाली, व्हेनिसच्या व्यापारासाठी १५८३ मध्ये दुसरी. १५९२ मध्ये दोन्ही मिळून लेव्हंट कंपनी झाली. (या मनुक्यांवरची जकात जॉन बेट नावाच्या व्यापाऱ्याने नाकारली आणि १६०६ मध्ये त्यावर मोठा खटला झाला. पार्लमेंटला न विचारता राजाने कर लावावा काय, हा प्रश्न होता. निकाल राजाच्या बाजूने लागला, भांडण मात्र मिटले नाही.)

याच व्यापारी मंडळीतला एक माणूस आमच्या माळव्यातून गेला. त्याचे नाव राल्फ फिच. तो लंडनचा, चामड्याच्या व्यापाऱ्यांच्या संघाचा सभासद. आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून शिकलो. तेव्हा इंग्रजांची गोष्ट सर थॉमस रो यांच्यापासून सुरू होई आणि फिच एका ओळीत आटोपत असे. त्याला थोडी जास्त जागा द्यावी असे आम्हाला वाटते.

१५८३ च्या फेब्रुवारीत ‘टायगर’ जहाजातून तो निघाला. शिवछत्रपतींच्या जन्माला तेव्हा ४७ वर्षे अवकाश होता. पैसा एडवर्ड ऑसबोर्न आणि रिचर्ड स्टेपर या सावकार व्यापाऱ्यांचा होता. बरोबर वाटांचा जाणकार जॉन न्यूबेरी, जवाहिऱ्या विल्यम लीड्स, चित्रकार जेम्स स्टोरी आणि व्यापारी जॉन एल्ड्रेड. शिवाय राणी एलिझाबेथने अकबर बादशहाच्या नावे दिलेले पत्र होते. सीरियातील अलेप्पो, तेथून बगदाद, बसरा. एल्ड्रेड बसऱ्यालाच राहिला, बाकीचे होर्मुझला पोहोचले आणि तेथेच पकडले गेले. व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याला हे नवे प्रतिस्पर्धी नको होते. त्याने चुगली केली आणि पोर्तुगीजांनी चौघांना कैद करून गोव्याला पाठवले.

गोव्यात त्यांच्या मदतीला आला तो फादर थॉमस स्टीफन्स. हाही इंग्रज, १५७९ पासून तेथे राहिलेला. मराठी वाचकांना त्याची वेगळी ओळख सांगायला नको. १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत छापून आणणारे ते हेच. त्यांनी आणि लिन्सखोटन या डच माणसाने खटपट केली, म्हणून कैद्यांना जामिनावर बाहेर पडता आले. स्टोरी गोव्यातच स्थायिक झाला. उरलेले तिघे १५८४ च्या एप्रिलमध्ये सहलीचे निमित्त करून निसटले. बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा करत ते बुऱ्हाणपुरास आले. पावसाळा लागला होता. पूर आलेल्या नद्या कधी चालत, कधी पोहून, जीव मुठीत धरून त्यांनी ओलांडल्या.

फिचची नजर व्यापाऱ्याची. कोठे काय पिकते, काय विकले जाते, ते तो आधी पाहतो. बुऱ्हाणपुरात मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरे आणि सुती व छापील कापड त्याने नोंदले. लहान मुलामुलींची लग्ने पाहून तो चकित झाला. मग मांडू. उंच डोंगरावरचा हा किल्ला घेण्यास अकबराला बारा वर्षे लागली, असे तो लिहितो. ही गोष्ट ऐकीव असावी, कारण माळवा मोगलांनी १५६१-६२ मध्येच जिंकला होता. मांडूहून उज्जैन आणि पुढे सिरोंज. म्हणजे आज आपले इंदूर जेथे आहे, त्याच्या पश्चिमेकडून तो गेला. सिरोंजला त्यांना हत्ती-उंटांच्या लवाजम्यासह चाललेला बादशहाचा वकील भेटला.

आग्रा आणि फतेहपूर ही दोन्ही शहरे लंडनपेक्षा मोठी, असे फिचने लिहून ठेवले आहे. १५८५ च्या सप्टेंबरात येथे सोबत्यांची ताटातूट झाली. लीड्स बादशहाच्या चाकरीत राहिला, त्याला घर, घोडा आणि नोकर मिळाले. न्यूबेरी लाहोरमार्गे परत निघाला. दोन वर्षांत बंगालमध्ये जहाज घेऊन भेटतो, असे त्याने फिचला सांगितले होते. तो भेटला नाही. घरीही पोहोचला नाही.

फिच मात्र पुढेच जात राहिला. मीठ, अफू, हिंग, शिसे आणि गालिचे यांनी भरलेल्या १८० नावांच्या ताफ्याबरोबर तो यमुना-गंगेने पाच महिन्यांत बंगालला पोहोचला. सोनारगावचे तलम कापड, पेगूचे हत्ती, मलाक्का हे सारे पाहून कोचीन, गोवा, चौल, होर्मुझ अशा वाटेने तो परतला. २९ एप्रिल १५९१ रोजी तो लंडनला आला, तेव्हा घरच्यांनी त्याला मृत समजून त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे वाटणीही केली होती.

त्या आठ वर्षांत त्याने नफा किती केला, हे विचारण्यात अर्थ नाही. त्याची खरी कमाई माहितीची होती, आणि ती लगेच कामी आली. ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. तिचे पहिले गव्हर्नर थॉमस स्माइथ लेव्हंट कंपनीचेही गव्हर्नर होते. भांडवल घालणाऱ्यांत मनुक्यांच्या व्यापारात हात धुतलेले कितीतरी होते. हिंदुस्थानकडे कोणता माल न्यावा, इकडच्या राजांना पत्र लिहिताना कोणत्या पदव्या घालाव्यात, हे कंपनीने फिचलाच विचारले. १६११ मध्ये तो वारला. तो स्वतः ना तलवार घेऊन आला, ना त्याने कोणाची जमीन बळकावली. पण ज्या कंपनीने त्याच्या नोंदींचा उपयोग केला, तीच पुढे सैन्य घेऊन त्याच माळव्यात आली. २१ डिसेंबर १८१७ रोजी उज्जैनच्या खाली, शिप्रेकाठी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. गादीवर तेव्हा दुसरे मल्हारराव, वय अवघे अकरा. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा सारा मुलूख कंपनीकडे गेला.