सॅम्युअल पीप्स : रोजनिशी आणि तिच्या आवृत्त्या

लंडनमधील एका शिंप्याच्या घरी १६३३ मध्ये जन्मलेला सॅम्युअल पीप्स केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात शिकला आणि १६६० मध्ये नौदल मंडळाच्या सेवेत शिरला. पुढे तो नौदल खात्याचा सचिव व १६८४ ते १६८६ या काळात रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. तथापि त्याची कीर्ती टिकली ती १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ पर्यंत लिहिलेल्या रोजनिशीमुळे. प्लेगची साथ, लंडनची आग, कचेरीतील व्यवहार आणि स्वतःची स्खलने यांची नोंद त्याने शेल्टनच्या लघुलिपीत केली. दृष्टी जाईल या भीतीने त्याने हे लेखन थांबविले.

ग्रंथसंग्राहक म्हणून पीप्सची शिस्त काटेकोर होती. संग्रहाची मर्यादा तीन हजार ग्रंथांची. नवी आवृत्ती हाती आली की जुनी प्रत तो बहुधा काढून टाकी. त्यामुळे शेक्सपिअरच्या नाटकांचा १६८५ चा चौथा फोलिओ तेवढा त्याच्यापाशी राहिला. १७०३ मध्ये तो निवर्तला. त्याच्या इच्छेनुसार हा संग्रह, रोजनिशीच्या सहा खंडांसह, १७२४ मध्ये मॉडलिन महाविद्यालयाकडे आला.

जॉन स्मिथ या विद्यार्थ्याने १८१९ ते १८२२ या काळात रोजनिशीचे लिप्यंतर केले. शेल्टनच्या लघुलिपीचे पुस्तक त्याच ग्रंथालयात होते, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. लॉर्ड ब्रेब्रुकने १८२५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या पहिल्या आवृत्तीत मूळ संहितेचा सुमारे चतुर्थांशच आला. त्यानंतर मायनर्स ब्राइट (१८७५-७९) आणि व्हीटली (१८९३-९९) यांच्या आवृत्त्यांनी संहिता विस्तारली. तरी अश्लील मानलेला मजकूर गाळलेलाच राहिला. संपूर्ण संहिता लॅथम व मॅथ्यूज यांच्या अकरा खंडांच्या आवृत्तीत (१९७०-८३) प्रथमच उपलब्ध झाली.

येथे संग्राहक आणि अभ्यासक यांच्या वाटा भिन्न होतात. प्राचीनतेमुळे संग्राहकाला १८२५ ची आवृत्ती मोलाची वाटते. पीप्सच्या स्वतःच्या नियमाने मात्र तीच प्रथम बाद झाली असती. ब्रेब्रुकच्या पृष्ठांवर भेटतो तो प्रामुख्याने दरबार व राज्यकारभार यांचा साक्षीदार. पत्नीशी भांडणारा, पश्चात्ताप करून पुन्हा घसरणारा माणूस पूर्णांशाने प्रकटतो तो अखेरच्या आवृत्तीत. म्हणून पीप्सच्या चरित्राविषयी कोणतेही विधान करताना ते कोणत्या आवृत्तीवर आधारलेले आहे, याची नोंद अपरिहार्य ठरते. जुन्या आवृत्त्यांचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. त्यांतील गाळलेल्या जागा एकोणिसाव्या शतकाच्या अभिरुचीचा पुरावा म्हणून वाचता येतात.