शेजाऱ्याच्या ग्रंथासाठी

आचार्य विनोबा भावे हे नाव घेतले की आपल्याला भूदानाची पदयात्रा आठवते. परंतु त्यांच्या चरित्रातील एक भाग आपल्या मंडळ्यांत फारसा सांगितला जात नाही. प्रौढ वयात, स्वतःच्या अभ्यासाने त्यांनी अरबी भाषा आत्मसात केली व कुराण मुळातून वाचले. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना या भागाचा विशेष उपयोग होईल असे वाटल्यावरून तो येथे देत आहोत.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. आई रुक्मिणीबाई मूळच्या कर्नाटकातल्या. त्या घरात कन्नड भजने गात. शाळा शिकलेल्या नव्हत्या, पण भक्ती मोठी. त्यांना गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हते आणि मराठीतील अनुवादही अवघड वाटत. तेव्हा मुलानेच आपल्याला कळेल अशी गीता मराठीत करावी, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. १९१८ साली त्या वारल्या. पुढे १९३०-३१ साली विनोबांनी 'गीताई' लिहून ही इच्छा पूर्ण केली. धर्मग्रंथ आणि माणूस यांच्यामध्ये भाषेची भिंत उभी राहते, हे त्यांनी प्रथम आपल्या आईच्या ठायी पाहिले.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले, काशीस गेले व त्याच वर्षी गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ पासून वर्धा हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. शेजारी राहणाऱ्या मुसलमान बांधवांचा ग्रंथ आपण जाणला पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. आधी भाषांतरे वाचली, पण तेवढ्यावर समाधान झाले नाही. मग ते मूळ अरबीकडे वळले.

नवशिक्याला ही भाषा काय मागते ते थोडक्यात सांगतो. अक्षरे अठ्ठावीस, लेखन उजवीकडून डावीकडे. बहुतेक अक्षरांचे रूप शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी बदलते. नेहमीच्या लिखाणात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. मात्र कुराणाच्या छापील प्रतीत जेर, जबर, पेश या खुणा दिलेल्या असतात. त्यामुळे एकट्याने शिकणाऱ्याला तोच ग्रंथ पाठ्यपुस्तकासारखा उपयोगी पडतो. उच्चार मात्र जपावे लागतात. से, सीन आणि स्वाद ही तीन अक्षरे उर्दूत आपण सारखीच उच्चारतो. अरबीत ती निरनिराळी आहेत. शब्दांची घडण तीन व्यंजनांच्या धातूवर होते. क-त-ब या एका धातूपासून किताब, कातिब, मकतब आणि मकतूब हे शब्द निघतात. आपल्या जुन्या कराराची इब्री भाषा याच कुळातली. तिचे शालोम आणि अरबीचे सलाम ही सख्खी भावंडे आहेत.

आम्हा सीमेवरच्या लोकांना तर ही भाषा वाटते तितकी परकी नाही. जिल्हा, तालुका, तहसील, रयत, मालक, हक्क, दाखला, वकील हे सगळे शब्द अरबीतूनच मराठीत आलेले आहेत. आपल्या शेताचा उतारा वाचणारा शेतकरीसुद्धा नकळत थोडी अरबी बोलत असतो.

विनोबांनी ही तयारी वर्षानुवर्षे केली. ते कुराणाचे पठण शुद्ध उच्चारांनी करीत. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेल्यावर वेल्लोरला त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला. त्यात आईची कन्नडही आली.

या विद्येची कसोटी पुढे लागली. १९४७ च्या फाळणीनंतर विनोबा दिल्लीकडे गेले व निर्वासितांमध्ये आणि भयभीत मेव मुसलमानांमध्ये त्यांनी काम केले. आपल्या हैदराबाद संस्थानातही ते दिवस वाईट होते. १९४८ साली रझाकारांच्या अत्याचारांनी आणि त्यानंतरच्या सूडाने बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद व नांदेड या जिल्ह्यांत पुष्कळ निरपराध माणसे मेली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८ एप्रिल १९५१ रोजी, त्याच राज्यातील पोचमपल्ली येथे विनोबांना भूमिहीनांसाठी पहिली शंभर एकर जमीन मिळाली.

१९६२ साली त्यांनी कुराणातील निवडक वचने विषयवार लावून 'कुराण-सार' सिद्ध केले. एका हिंदूने हे का करावे, अशी टीका पुस्तक लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून पायी चालत गेले. टीकेला त्यांनी रागाने उत्तर दिले नाही; काम पुढे ठेवले. 'ख्रिस्तधर्म-सार' हे पुस्तकही त्यांचेच. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांनी देह ठेवला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सर्व धर्मांचे सार एकच, असे विनोबा मानीत. प्रभू येशू हाच तारणारा, असा आपला विश्वास आहे. म्हणून त्यांच्या निष्कर्षाशी आपण सहमत होऊ शकत नाही. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेबद्दलही अनेकांचे मन दुखावले होते. तरीही त्यांचे कष्ट आपल्याला प्रश्न विचारतात. पंडिता रमाबाईंनी शुभवर्तमान साध्या बायांना कळावे म्हणून इब्री व ग्रीक शिकून, १९२२ साली मृत्यू येईपर्यंत पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरावर परिश्रम केले. एकीने आपला ग्रंथ शेजाऱ्याला देण्यासाठी परकी भाषा शिकली, दुसऱ्याने शेजाऱ्याचा ग्रंथ घेण्यासाठी. दोन्ही ठिकाणी मुळाशी प्रेम होते.

बसवकल्याणात बसवण्णांनी बाराव्या शतकात लोकांच्या कन्नडमधून धर्म सांगितला. बिदरला महमूद गवानने १४७२ साली बांधलेल्या मदरशाच्या भिंतींवर अजून अरबी अक्षरे आहेत. आम्ही ती नक्षी म्हणून पाहतो आणि पुढे जातो. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत ज्यांनी देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली, त्यांत अरबही होते, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. पवित्र आत्म्याने ज्या भाषेला त्या दिवशी जागा दिली, तिला आपण परकी समजून दूर ठेवू नये.

शिक्षकांनी वर्गात या एका अध्यायापासून आरंभ करावा. मुलांकडून त्यातील देशांची नावे काढून घ्यावीत, आणि आपल्या गल्लीत किती भाषा बोलल्या जातात तेही मोजायला सांगावे. ज्याला साधेल त्याने रोज एक अक्षर गिरवावे. महिन्याच्या आत शेजाऱ्याच्या ग्रंथावरचे नाव वाचता येईल. द्वेष अज्ञानावर पोसला जातो, आणि आपल्या जिल्ह्याने त्याची किंमत एकदा मोजली आहे. प्रभू आपणांस ऐकणारे कान व शिकण्याची नम्रता देवो.