वेगाशी झुंजलेला वैद्य : डॉ. जॉन पॉल स्टॅप

धावती बैलगाडी एकाएकी थांबली म्हणजे आत बसलेली माणसे पुढे कोलमडतात, हा अनुभव परंड्याच्या परिसरातील लहानथोर सर्वांस आहे. गाडी थांबते, परंतु माणसाच्या अंगी आलेला वेग तिच्याबरोबर थांबत नाही. बैलगाडीत त्याची शिक्षा फार तर कोपर खरचटण्याची. मोटारीत मात्र तोच सृष्टिनियम प्राण घेतो. बार्शी, भूम, करमाळा, कुर्डुवाडी या वाटांनी रात्रंदिवस वाहने धावत असतात आणि त्यांवर ज्यांचे पोट आहे अशी घरे आपल्या गावात थोडीथोडकी नाहीत. अशा घरांतील मुलांनी ज्याचे चरित्र अवश्य जाणावे, अशा एका थोर वैद्याची ही हकीकत आहे.

जॉन पॉल स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझील देशातील बाहिया येथे झाला. त्यांचे आईवडील बॅप्टिस्ट पंथाचे अमेरिकन मिशनरी होते. चार भावांत जॉन सर्वांत वडील. आरंभीचे शिक्षण त्यांनी घरीच मातेपाशी घेतले आणि पुढे विद्यार्जनासाठी ते अमेरिकेस गेले. घरची स्थिती बेताचीच होती. तथापि अभ्यासाची आवड दांडगी असल्यामुळे त्यांनी टेक्सास प्रांतातील बेलर विद्यापीठात प्रवेश मिळविला.

१९२८ सालच्या नाताळात, ऐन आनंदाच्या दिवसांत, त्यांच्या आयुष्यास निराळेच वळण लागले. आप्तांपैकी एका तान्ह्या मुलास भयंकर भाजले. तरुण जॉन त्या बालकाच्या उशाशी अहोरात्र बसून राहिले, परंतु त्यांच्या शुश्रूषेस यश आले नाही. त्या मृत्यूचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला आणि आपण वैद्य व्हावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. वैद्यकाच्या शिक्षणास पैसा हवा, तो नव्हता. म्हणून त्यांनी काही काळ अध्यापन केले, प्राणिशास्त्राची व जीवभौतिकीची उच्च पदवी संपादन केली आणि अखेर मिनेसोटा विद्यापीठातून ते वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. निश्चय आणि सिद्धी यांच्यामध्ये जवळजवळ पंधरा वर्षे गेली. परंतु निश्चय ढळला नाही.

१९४४ साली ते अमेरिकेच्या सैन्यातील वैद्यकीय खात्यात दाखल झाले. विमान कोसळले असता वैमानिक का मरतो आणि त्यास कसे वाचविता येईल, हा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर होता. कोणतीही वस्तू एकाएकी थांबली म्हणजे तिजवर जो दाब येतो, तो तिच्या वजनाच्या पटीत मोजतात. हा दाब अठरा पटींहून अधिक झाल्यास मनुष्य जगणे शक्य नाही, असे त्या काळचे विद्वान धरून चालत. मग आसने आणि पट्टे त्याहून बळकट करून उपयोग काय, असा विचार साहजिकच होई.

स्टॅप यांस ही समजूत पटली नाही. १९४७ साली कॅलिफोर्नियातील मुरॉक येथे, वाळवंटात अंथरलेल्या लोहमार्गावर अग्निबाणाच्या जोराने धावणारी एक घसरगाडी त्यांच्या स्वाधीन करण्यात आली. मार्गाच्या शेवटी तिला क्षणार्धात थांबविण्याची योजना होती. प्रथम तीवर माणसाच्या आकाराचा पुतळा बसवीत. एकदा त्या पुतळ्यास नुसताच हलका पट्टा बांधला होता. गाडी थांबली, पट्टा तुटला आणि पुतळा समोरची फळी फोडून दोनशे मीटरांहून दूर जाऊन पडला! न बांधलेल्या माणसाची गत काय होते, हे त्या निर्जीव पुतळ्याने सर्वांस दाखवून दिले.

पुतळ्यांनंतर जिवंत माणसाची पाळी आली. स्टॅप यांनी दुसऱ्या कोणासही त्या आसनावर न बसविता १० डिसेंबर १९४७ रोजी प्रथम स्वतःस बांधून घेतले. त्यानंतर अशा एकूण २९ खेपा त्यांनी केल्या. मनगट मोडले, बरगड्यांस तडे गेले, डोळ्यांत रक्त उतरले. पण प्रत्येक खेपेनंतर ते पट्ट्यांची मांडणी सुधारीत आणि पुन्हा आसनावर चढत. अठरा पटींची मर्यादा त्यांनी केव्हाच मागे टाकली. नीट बांधलेला मनुष्य मानला जाई त्याहून कितीतरी अधिक आघात सोसू शकतो, हे त्यांनी स्वतःच्या देहाने सिद्ध केले. दिवसा हे उग्र प्रयोग चालत आणि सायंकाळी हाच मनुष्य छावणीतील सैनिकांच्या बायकामुलांस मोफत औषधपाणी करीत असे.

त्यांची अखेरची खेप १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिको प्रांतातील हॉलोमन येथे झाली. या प्रयोगात दृष्टी जाण्याचे भय होते. म्हणून त्यांनी आधीपासूनच अंधारात चाचपडत कपडे चढविण्याचा सराव केला होता. घसरगाडीने पाच सेकंदांत ताशी सुमारे १०१७ किलोमीटरांचा वेग गाठला आणि अवघ्या १.४ सेकंदात ती स्तब्ध झाली. त्या क्षणी त्यांच्या देहावर त्याच्या वजनाच्या ४६ पटींहून अधिक दाब आला. त्यांस उतरविले तेव्हा डोळे रक्ताने भरले होते आणि काहीच दिसत नव्हते. पुढे हळूहळू दृष्टी परत आली. जगातील सर्वांत वेगवान मनुष्य म्हणून त्यांची कीर्ती पसरली. परंतु त्या मनुष्यास वाचविले कोणी? त्यास आसनाशी जखडून ठेवणाऱ्या काही साध्या पट्ट्यांनी!

येथवरची कथा धैर्याची झाली. शहाणपणाची कथा यापुढेच आहे. आपल्या दलातील मृत्यूंची नोंद तपासताना डॉ. स्टॅप यांस असे आढळले की, विमानांच्या अपघातांत जितके वैमानिक दगावतात, त्याहून अधिक मोटारींच्या अपघातांत दगावतात. आकाशात पट्ट्याने स्वतःस बांधून घेणारा वीर जमिनीवर उतरताच मोटारीत मोकळा बसे आणि प्राणास मुके. तेव्हा त्यांनी जुन्या मोटारींत पुतळे बसवून त्यांचे अपघात घडविण्यास आरंभ केला. वायुदलाचा पैसा मोटारींवर कशाला, अशी कुरकुर वरिष्ठांनी केली. शिकविलेला एकेक मनुष्य गमावणे किती महाग पडते, हे आकड्यांनी दाखवून त्यांनी ती थांबविली. १९५५ साली त्यांनी मोटारींचे कारखानदार, वैद्य व संशोधक यांची परिषद हॉलोमन येथे भरविली. त्यांच्याच नावाने ती पुढे वर्षानुवर्षे भरत आली.

त्यांच्या या खटपटीस जगभर जोड मिळत गेली. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्व्हो कारखान्यातील निल्स बोलिन यांनी खांदा व कंबर दोन्ही एकाच वेळी धरणारा, एका हाताने लावता येणारा पट्टा सिद्ध केला आणि कारखान्याने तो इतरांसही खुला ठेवला. आज मोटारींत दिसतो तो सीटबेल्ट हाच. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली, तेव्हा डॉ. स्टॅप तेथे उपस्थित होते. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी शांतपणे देह ठेवला. ज्याने एवढ्या वेळा मृत्यूस डिवचले, त्यास दीर्घायुष्य लाभले, ही ईश्वराची कृपाच म्हणावयाची.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावे? धंद्याने गाडी हाकणारे पुष्कळ लोक सीटबेल्ट लावणे कमीपणाचे समजतात. आपला हात सफाईदार आहे, रस्ता रोजचा आहे, गाव जवळच आहे, असे त्यांस वाटते. कित्येक जण तर गाडीतील सूचनेचा आवाज बंद पडावा म्हणून पट्टा पाठीमागून अडकवितात. परंतु पट्टा हा चालकाच्या कौशल्यावरील अविश्वास नव्हे. समोरून येणाऱ्याचा हात सफाईदार आहे की नाही, हे आपल्या हाती नसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून खाली पडण्यासारखे आहे, हे गणित वरच्या वर्गातील मुलांनी स्वतः करून पाहावे.

मागे बसणाऱ्यासही हाच नियम लागू आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांस आढळले. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, परंतु बचावले. पट्टा न लावणाऱ्यास आपल्या देशात २०१९ च्या दुरुस्त कायद्याने एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भयाने लावलेला पट्टा पोलीस दिसेनासा होताच सुटतो.

म्हणून हे काम मुलांनीच करावे. पहाटे वडील, काका अथवा दादा गाडी घेऊन निघाले म्हणजे त्यांस डब्याची आठवण करून देता, तशीच पट्ट्याचीही द्यावी. त्याचा खालचा भाग पोटावर नव्हे तर कमरेच्या हाडावर बसावा, वरचा खांद्यावरून छातीवर यावा, आणि त्यास पीळ नसावा. एवढ्यास दोन पळे पुरतात. मिशनरी मातापित्यांच्या त्या पुत्राने ज्यांची तोंडेही पाहिली नव्हती अशा लोकांसाठी आपली हाडे मोडून घेतली. आपल्याच माणसांसाठी आपल्याला केवळ एक शब्द उच्चारावयाचा आहे.