बाणांचे गणित मांडणारे आर्थर केली



आलेख म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आलेखवहीच्या चौकटी आणि क्ष-अक्ष, य-अक्ष येतात. गणितात आणखी एका प्रकारचा आलेख आहे. त्यात काही टिंबे असतात आणि एका टिंबाकडून दुसऱ्याकडे जाणारे बाण असतात. त्याला दिशायुक्त आलेख म्हणतात. अशा बाणांच्या आकृत्यांना गणितात मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत आर्थर केली ह्या इंग्रज गणितज्ञाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी वाचावे, तसेच पालकांनीही वाचावे असे आहे.

केली यांचा जन्म १६ ऑगस्ट १८२१ रोजी इंग्लंडमधील रिचमंड येथे झाला. वडील रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे व्यापार करीत, त्यामुळे आर्थरची पहिली काही वर्षे तिकडेच गेली. पुढे कुटुंब इंग्लंडला परतले. मुलाने आपल्या व्यापारात यावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु लंडनच्या किंग्ज कॉलेज स्कूलच्या प्राचार्यांनी मुलाची बुद्धी ओळखली आणि त्याला विद्यापीठात पाठवा असा सल्ला वडिलांना दिला. वडिलांनी तो मानला! वयाच्या सतराव्या वर्षी आर्थर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. १८४२ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले. हाच मान पुढे १८९९ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी मिळविला.

एवढे यश मिळूनही गणितावर पोट भरण्याची सोय झाली नाही. तेव्हा केली कायदा शिकले आणि १८४९ पासून चौदा वर्षे त्यांनी लंडनला वकिली केली. मालमत्तेचे दस्तऐवज तयार करण्याचे त्यांचे काम होते. संसाराला पुरेल इतकेच काम ते घेत आणि उरलेला वेळ गणिताला देत. ह्या चौदा वर्षांत त्यांनी सुमारे अडीचशे शोधनिबंध लिहिले. बारावीच्या पुस्तकात आपण जे मॅट्रिक्स शिकतो, त्यांचे बीजगणित पद्धतशीरपणे मांडणारा त्यांचा निबंध १८५८ चा, म्हणजे वकिलीच्याच काळातला आहे.

लंडनला त्यांना जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर हा जिवलग मित्र लाभला. सिल्व्हेस्टर १८३७ मध्ये केंब्रिजच्या त्याच परीक्षेत दुसरे आले होते. परंतु ते ज्यू होते, आणि पदवी घेण्यासाठी इंग्लंडच्या चर्चच्या धर्मतत्त्वांवर सही करावी लागे. ती त्यांनी केली नाही, म्हणून त्यांना पदवी मिळाली नाही. ती मिळण्यास १८७२ साल उजाडले. गुणवत्ता असूनही दार बंद, हे दुःख केलींनी आपल्या मित्राच्या आयुष्यात जवळून पाहिले. पुढे सिल्व्हेस्टर अमेरिकेत प्राध्यापक झाले आणि १८७८ मध्ये त्यांनी तेथे गणिताचे एक नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्याच खंडात केलींचा बाणांच्या आकृत्यांवरील छोटा लेख प्रसिद्ध झाला.

त्या लेखातील कल्पना समजण्यासाठी पुठ्ठ्याचा एक चौरस घ्या. त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला भोक पाडा. पुठ्ठा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पाव फेरा फिरवा, मग पुस्तकाचे पान उलटावे तसा उलटा. भोक पुन्हा वरच्या डाव्या कोपऱ्यात येईल. आता आधी उलटा आणि मग फिरवा. भोक खालच्या उजव्या कोपऱ्यात जाईल! कृती त्याच, क्रम बदलला की फळ बदलते. चौरसाच्या अशा आठ स्थिती होतात. प्रत्येक स्थितीसाठी एक टिंब काढा, फिरविण्यासाठी तांबडा बाण आणि उलटण्यासाठी निळा बाण काढा. झाली केलींची आकृती! बाणांवरून बोट फिरवीत गेलो की गणित आपोआप सुटत जाते.

हीच युक्ती आज किती ठिकाणी वापरतात पाहा. रुबिकच्या ठोकळ्याची प्रत्येक स्थिती म्हणजे एक टिंब आणि प्रत्येक चाल म्हणजे एक बाण. कोणत्याही स्थितीतून जास्तीत जास्त २० चालींत ठोकळा सुटतो, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. गवत, नाकतोडा, बेडूक, साप ह्या अन्नसाखळीत कोणाचे अन्न कोणाकडे जाते ते बाणच सांगतो. इंटरनेटवरील एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला की तो एक बाण झाला. असे बाण मोजून, तोलून कोणते पान महत्त्वाचे ते ठरविण्याची रीत ब्रिन आणि पेज ह्या दोघा तरुणांनी १९९८ मध्ये मांडली, आणि तीवर गूगल उभे राहिले. जीवशास्त्रज्ञ डीएनएचे बारीक तुकडे जुळवून मूळ साखळी शोधतात, तेव्हाही त्यांना दिशायुक्त आलेखाचीच मदत होते. हे सर्व केलींनी केले असे नव्हे. पण संबंधाला दिशा असते आणि ती चित्रात दाखवून अभ्यासता येते, हा धडा त्यांनी फार लवकर दिला.

१८६३ मध्ये केंब्रिजने त्यांना प्राध्यापकपद दिले. वकिलीच्या मानाने पगार पुष्कळच कमी होता, तरी त्यांनी ते आनंदाने स्वीकारले. त्या काळी केंब्रिजमध्ये मुलींना पदवी मिळत नसे. केलींनी मुलींच्या शिक्षणाला मनापासून साहाय्य केले. न्यूनहॅम ह्या स्त्रियांच्या कॉलेजच्या मंडळाचे ते काही वर्षे अध्यक्ष होते. तेथील मुलींना पूर्ण पदवी मात्र १९४८ मध्ये मिळू लागली. २६ जानेवारी १८९५ रोजी केली निवर्तले. त्यांचे नऊशेहून अधिक निबंध तेरा खंडांत छापले आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, आधी पोटापाण्याचा उद्योग आणि उरल्या वेळात विद्या, अशी चौदा वर्षे काढूनही माणूस ज्ञानाच्या शिखरावर पोहोचू शकतो, हे ध्यानात ठेवा. आणि पालकहो, एका शिक्षकाचा सल्ला एका व्यापारी पित्याने ऐकला म्हणून जगाला हा गणिती मिळाला. आपल्या मुलाच्या, तितकेच आपल्या मुलीच्या बुद्धीचा बाण कोणत्या दिशेला आहे ते ओळखा, आणि तो मध्येच अडवू नका.